गलाफीपर्यंत पुरतील इतके जव

अदामाच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी
कागदावर एक आकडा लिहिला, भोवती गोल काढला.
गोल नीट मिटला नाही, एका बाजूला फट राहिली.
मी त्या फटीकडेच बघत बसलो.
"गेताहून, दिवसाला किती बाटल्या?"
म्हटलं, नारिंगी चार.
काळ्या मी कधी मोजल्या नव्हत्या.

बावीस वर्षं झाली,
जिबूतीच्या बंदरातून खत, गहू, सळया
हा ट्रक डोंगरावर ओढून आणतो आहे.
इंजिनात कुठलं तेल घालू नये
ते मला नुसत्या वासावर कळतं.
स्वतःच्या टाकीत मात्र
वाटेत मिळेल ते.

यशिमेबेत काही बोलली नाही.
रात्रीच जव भिजत घातले,
सकाळी निथळून तव्यावर परतले,
उखळात हलक्या हाताने कांडले,
तूस फुंकलं, पुन्हा भाजले.
मग हरभरे. मग करडईचं बी.
मग शेंगदाणे, मोजून,
कारण माझा हात तिला ठाऊक आहे.
दूध-पावडरीच्या जुन्या डब्यात सगळं ओतून
झाकण दाबत म्हणाली, "कोलो,"
जसा काही मी परमुलखातून आलोय.

कोलो तर बसस्टँडवर पोरी विकतात,
चहाच्या पेल्याने मापून, वहीच्या कागदात गुंडाळून!
लहानपणी खिशाला भोक होतं म्हणून
शाळेच्या वाटेवर मी निम्मा कोलो पेरायचो.
त्याचं औषध कधी झालं?

डावीकडची दाढ मला नाही.
मेतेहारा येईतो जबडा भरून आला.
बाटली एका दमात उलटी होते,
जवाचं तसं नाही.
तो तोंडात गेल्यावर अडून बसतो,
विचारतो, चावलंस?
हो म्हटलं तरी पुन्हा विचारतो.
बेसेकाचं खारं पाणी रस्त्याला खेटून पसरलेलं,
मी एका मुठीत अख्खं तळं ओलांडलं.

ब्रूक माझा क्लीनर, एकोणीस वर्षांचा,
क्रीमची बिस्किटं खातो, आधी क्रीम चाटतो.
"बाबा, तुमची कोंबडी झाली," म्हणाला
आणि आवाशपर्यंत क्लक क्लक करत राहिला.

गेवानेच्या पुढे दुपारी तीनला
रस्ता पातळ होतो, पापण्या जड.
तिथे मी दरवेळी खातची जुडी घेतो.
परवा घेतली नाही.
जबडा चालू होता, त्याच्या नादाने डोळेही चालू राहिले.
खरं खोटं जवांनाच ठाऊक.

मिलेला मात्र थांबलो.
खोटं कशाला बोलू, बाटली घेतली.
गार होती. काच घामेजलेली.
सगळी प्यायलो, शेवटचा थेंबही झटकला.
मग ट्रकमध्ये चढून
उगाचच डब्याकडे पाठ करून बसलो,
ड्रायव्हरला जितकी पाठ करता येते तितकी.

गलाफीला ट्रकांची रांग,
पुढचा हलत नाही, मागचा हॉर्न सोडत नाही.
लोखंड तापलेलं. ब्रूकच्या बिस्किटांचं क्रीम
वितळून पुड्याचा लगदा झालेला.
बराच वेळ तो डब्याकडे बघत होता.
मग न विचारता हात घातला.
चावला. थांबला. पुन्हा चावला.
"दाणे कमी आहेत," म्हणाला.
म्हटलं, मोजलेले आहेत.
त्याने दुसरी मूठ घेतली
आणि पहिल्यांदा माझ्या तोंडाशी धरली,
लग्नात घास भरवतात तशी.
कोंबडीचा विषय निघाला नाही.

संध्याकाळी यशिमेबेतचा फोन.
"किती उरलंय?"
तळ दिसत होता, डब्याचा पत्रा चमकत होता.
आणि मिलेची ती बाटली
घशात अजून गोड होती,
सांगावी की गिळावी ते ठरेना.
मी तोंड भरलेलं ठेवलं.
तिला पलीकडे ऐकू गेलं असणार, कुडुम कुडुम.
"आधी चाव," ती म्हणाली.
"मग सांग."